ईदचा डबा आधी कोणाच्या दारी?

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की जुन्या नाशकातल्या बेकऱ्यांत पाव-खारीपेक्षा नानकटाईचे काम जास्त निघते. दूधबाजार, भद्रकाली, चौकमंडईच्या गल्ल्यांतून बायका आणि पोरे मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन भट्टीवर येतात. सामान घरचे, भट्टी बेकरीची, मजुरी किलोवर. ज्या घरात हात जास्त, तिथे तूप-साखर परातीत तळहाताने फेसून, पीठ मळूनच आणले जाते. बाकीचे सामान कारागिराच्या हवाली करून पत्र्याच्या ट्रेकडे डोळे लावून बसतात. आपला ट्रे दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून कोणी गोळ्यावर पिस्त्याचा काप दाबतो, कोणी चारोळीचे चार दाणे, कोणी बाटलीच्या झाकणाने गोल ठसा उमटवतो. हे ठशाचे काम पोरांचे. त्यावरून भांडणेही पोरांचीच.

हे वाचताना अनेकांना दिवाळी आठवली असेल. साहजिकच आहे. वसुबारसेच्या आधी हेच डबे हिंदू घरांतून याच पद्धतीने भट्टीवर जातात. नानकटाईची कहाणी सुरतेच्या डोटीवाला या पारशी बेकरीशी जोडली जाते. म्हणजे महाराष्ट्रातल्या दोन्ही सणांना हा पदार्थ पाहुणाच. पण पाहुण्याने घर असे आपलेसे केले, की त्याच्यावाचून ना फराळाचे ताट भरते, ना ईदचे.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००४, २००५ आणि २००६ या तीन वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. २००४ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि ईद १५ ला. त्या वर्षांत बेकरीवाल्यांना झोप किती मिळाली असेल, याचा अंदाज कोणीही बांधावा. तसा योग पुन्हा २०३७ च्या आसपास येईल. सध्या ईद गुढीपाडव्याच्या शेजारी आहे. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता, ईद ३१ ला. यंदाही पाडवा १९ मार्चला आणि ईद, चंद्र दिसेल त्याप्रमाणे, एक-दोन दिवसांच्या अंतराने.

शेजारधर्माच्या दृष्टीने नानकटाईत एक मोठा गुण आहे. तिच्यात अंडे नसते. ती आठ-दहा दिवस सहज टिकते, दुधासारखी नासत नाही आणि घरच्या भांड्यात शिजत नाही. हा शेवटचा मुद्दा बोलायला अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही. ज्या स्वयंपाकघरात मटण शिजते, तिथला शीरखुर्मा खायला काही शाकाहारी घरांना संकोच वाटतो. महाराष्ट्रातल्या मुसलमानांनी यावर फार पूर्वीच तोड काढली. खेड्यापाड्यांत आजही ईदच्या आदल्या दिवशी शेजारच्या घरी शेवया, साखर, खारीक, खोबरे, चारोळी असा कोरडा शिधा पोचवला जातो. तुमच्या चुलीवर, तुमच्या पातेल्यात शिजवा आणि आमच्या ईदला गोड खा. या रिवाजात दुसऱ्याच्या संकोचाचा मान आहे. त्यात दोन घरांतले अंतर जसेच्या तसे ठेवण्याची सोयही आहे, हे नाकारून चालणार नाही. ज्यांची मैत्री चार पावले पुढे गेली आहे त्यांनी एखाद्या ईदला सरळ विचारावे, ‘वाटीभर शिजवलेला पाठवू का?’ नकार आला तर कोरडा शिधा आहेच.

मग डबा पाठवायचा कोणाला? या प्रश्नाचे उत्तर इस्लामी परंपरेत फार स्पष्ट आहे. हजरत आयेशा यांनी पैगंबरसाहेबांना विचारले होते की शेजारी दोन असतील तर भेट कोणाला द्यावी. ज्याचे दार तुझ्या दाराला अधिक जवळ त्याला, असे उत्तर त्यांना मिळाल्याचे सहीह बुखारीत नोंदले आहे. नाते, पंथ, प्रतिष्ठा यांतले काहीच त्या उत्तरात नाही. माप एकच, दाराचे अंतर. दुसरी नोंद अब्दुल्लाह बिन अम्र या सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांपैकी एकाची. त्यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का, असे त्यांनी घरच्यांना पुन्हा विचारले. हा प्रसंग तिरमिजी आणि अबू दाऊद या हदीस-संग्रहांत आहे. रमजानच्या प्रवचनांतून या गोष्टी सांगितल्या जातात, लोक मान डोलावतात आणि मग चाँदरातीला डब्यांची यादी करायला बसतात.

ती यादी अलीकडे कशी असते, हे पाहण्यासारखे आहे. सासर-माहेर, मुंबईचे चुलते, मालेगावच्या मावशी, दुकानाशी संबंध असलेले व्यापारी, वॉर्डातले नगरसेवक, साहेब लोक. सोनेरी कागदाचे, फीत बांधलेले तयार डबे कुरिअरने तीनशे किलोमीटरवर जातात. समोरच्या फ्लॅटला मोबाइलवर चंद्रकोरीचे चित्र जाते आणि तिकडूनही हात जोडल्याचे चित्र येते.

याला नुसता आळस म्हणता येणार नाही. जुन्या नाशकात वाड्याला वाडा लागून होता. एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर ताट द्यायला चप्पलसुद्धा घालावी लागत नसे. वाडे पडले, कुटुंबे वाढली आणि लोक शहराच्या कडेला गेले. पण गेले ते वेगवेगळ्या दिशांना. कोणी वडाळा रोड, पखाल रोडकडे, तर कोणी इंदिरानगर, गंगापूर रोडकडे. काहींनी आपल्या मर्जीने आपल्या लोकांत घर घेतले. काहींना दुसरीकडे घर मिळालेच नाही, आडनाव ऐकल्यावर फ्लॅट ‘आत्ताच गेला’ होता. परिणाम एकच झाला. सर्वांत जवळचे दार बहुतेकांसाठी आता आपल्याच माणसाचे असते. हदीसचे पालन आपोआप होते, आणि तरी शहरातले अर्धे शेजार त्यातून सुटते. अशा वेळी दाराचे अंतर जरा लांब मोजावे लागेल. दुकानाच्या शेजारचे दुकान, कार्यालयातले शेजारचे टेबल, शाळेच्या रिक्षात मुलाशेजारी बसणारा मुलगा, जुन्या वाड्यातले आता सिडकोत राहायला गेलेले बिऱ्हाड, ही सगळी दारेच आहेत.

डबा घरी केलेला असावा की विकतचा, हा वाद इथे येतो. विकतचा डबा घेणारा ‘कशाला तसदी?’ म्हणतो आणि फ्रिजवर ठेवून देतो. घरच्या नानकटाईला भेगा असतात, एखादी खालून करपलेली असते, आणि त्यामुळे बोलायला विषय मिळतो. तूप जास्त झाले का, सोडा कमी पडला का, आमच्याकडे बेसन थोडे जास्त घालतात. शिवाय घरचे ताट रिकामे परत करायचे नाही, हा अलिखित नियम दोन्हीकडे सारखा आहे. सोनेरी पुठ्ठ्याचा डबा परत करावाच लागत नाही. तिथेच येणे-जाणे संपते.

पण घरच्या पदार्थाचे गुणगान करणाऱ्यांनी एक हिशेबही मांडावा. रमजानात घरातली बाई सहरीसाठी सर्वांच्या आधी उठते. मार्चमधला रोजा सुमारे तेरा तासांचा. त्यातच दुपारपासून इफ्तारची तयारी, मग रात्रीचे जेवण, तरावीहची नमाज, भांडी. त्यावर ईदची तयारी. खारीक रात्रभर भिजवून, बी काढून तिचे लांब काप करायचे. बदाम-पिस्ते गरम पाण्यात टाकून सोलायचे, चारोळी निवडायची, दूध आटवायचे, शेवया तुपावर परतायच्या. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, एवढा सोपा अर्थ असलेल्या पदार्थामागे दोन रात्री जातात. ‘घरी केलेला’ याचा अर्थ ‘एकट्या आईने केलेला’ असाच असेल, तर दुकानातून आणलेला बरा. त्यात कमीपणा मानू नये.

पूर्वी हे काम एकट्याचे नव्हतेच. हातयंत्रावर शेवया करायच्या तर निदान तीन माणसे लागत. यंत्र बाजेला आवळायचे, एकाने दांडा फिरवायचा, एकाने पीठ लोटायचे आणि पोरांनी खाली येणाऱ्या तारा अलगद झेलून काठीवर वाळत घालायच्या. चैत्र-वैशाखात कुरडया-पापडांसाठी हिंदू घरांतही असाच राबता असे, आणि दांडा फिरवायला शेजारची पोरे धरून आणली जात. भाजलेल्या शेवयांचे पाकीट आले, ते चांगलेच झाले. मात्र पाकिटाने वाचवलेला वेळ घरातल्या कोणाला मिळाला, हे विचारायला हवे. बारा वर्षांच्या मुलाला बदाम सोलता येतात. पुरुषांना तर नक्कीच येतात. मशिदीत शंभर माणसांच्या इफ्तारसाठी टरबूज आणि पपई सफाईने कापणारे हेच हात असतात. घरी आल्यावर सुरी कुठे ठेवली आहे हेच त्यांना आठवत नाही.

मुलांना कामाला लावायचे तर छोट्या भेटींचे काम त्यांच्याकडे द्यावे. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची ईदीची पाकिटे छान होतात. त्यावर नाव उर्दूत आणि मराठीत लिहायला सांगितले तर सुटीतले शुद्धलेखनही होते. नाशकात हे द्राक्षांचे दिवस. निफाड, दिंडोरीची द्राक्षे इफ्तारच्या ताटात असतातच. चार घड आणि सहा नानकटाया एवढ्यावरही भेट पुरी होते, त्याला सोनेरी कागद लागत नाही.

सर्वांत आधी मात्र फितरा. घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी चाँदरातीला जन्मलेल्या बाळामागेही, साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची असते आणि तीही ईदच्या नमाजेपूर्वी. शहाजहानी ईदगाहच्या रस्त्यावर नमाजेहून परतताना दिलेली चिल्लर त्या हिशेबात धरली जात नाही. ज्याच्या घरी तूप-साखर आलेली नाही त्याची ईदही त्याच सकाळी उजाडते. म्हणून फितरा विसाव्या रोज्याच्या आसपासच दिलेला बरा. त्याच्या पोरांनाही मग भट्टीवर जाऊन ट्रेवर ठसा मारता येईल.

यंदा पाडव्याचे श्रीखंड आणि ईदचा शीरखुर्मा यांच्यात फार तर दोन दिवसांचे अंतर आहे. एकाच्या घरून आलेली वाटी घासून ठेवायच्या आत ती भरून परत पाठवता येईल. जिन्यात दोन्हीकडची मुले वाट्या घेऊन समोरासमोर आली, तर आधी कोणी द्यायची, हे त्यांचे ती ठरवतील.