सारखा कट करतीयस!

नवा फोन घेतल्याच्या तिसऱ्याच दिवशी आई माझ्यावर रुसली.

रात्री नऊचा आमचा ठरलेला फोन. ती सांगलीत, मी पुण्यात. मावशीच्या गुडघ्याचं काय झालं ते ती सांगत होती आणि मध्येच फोन कट! परत लावला. दोन मिनिटांनी तिला माझा आवाजच जाईना, कारण माझ्या गालानं म्यूटचं बटण दाबलं होतं. तिसऱ्यांदा कट झाला तेव्हा आईचा आवाज एकदम थंड. ‘कामात असशील तर राहू दे गं. सारखा कट करतीयस.’ मी म्हटलं, ‘अगं आई, मी नाही, फोन कट करतोय!’ आता यावर कुठली आई विश्वास ठेवेल? तिच्या जागी मी असते तर मीही ठेवला नसता.

आणि हा फोन काही असातसा आणलेला नाही महाराजा! पहिल्याच सेलमध्ये, दुपारी बाराच्या ठोक्याला, मीटिंग चालू असताना टेबलाखालून बुक केलेला. बँकेच्या कार्डावर डिस्काउंट, वर नो कॉस्ट ईएमआय. कॅमेरा झक्कास, स्क्रीन लोण्यासारखी. फक्त त्याला फोन म्हणून वापरता येत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी लंचला डबे उघडले आणि कळलं, की आमच्याच मजल्यावर आणखी तिघांनी हाच फोन घेतलाय. मग काय, जेवण बाजूला आणि फोन मध्ये! सेल्सवाल्याची तक्रार, की फोन तव्यासारखा तापतो, शिवाय स्क्रीनची एक बाजू गुलाबी दिसते. टेस्टिंगवाल्याची बॅटरी चार वाजताच मान टाकते. अकाउंट्सवाला मात्र दही-भात कालवत शांतपणे म्हणाला, ‘माझा तर एकदम मस्त चाललाय बुवा.’ असा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याच्याकडे बघून आपल्याला उगाच वाटतं, की आपल्याच नशिबात डबा पीस आला.

उपायांचा तर पाऊस! कुणी म्हणे फाइव्ह-जी बंद करून फोर-जीवर ठेव, कुणी म्हणे रात्रभर स्विच ऑफ कर. सेल्सवाल्यानं डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन अ‍ॅनिमेशनचा आकडा अर्ध्यावर आणला आणि ‘बघ, कसला पळायला लागला!’ म्हणून सगळ्यांना दाखवला. फोन पळत वगैरे काही नाही हो. स्क्रीन उघडतानाचा तो डौलदार पिसारा फक्त लवकर मिटतो. पण बिचाऱ्याला बरं वाटलं, म्हणून मी गप्प बसले.

तापण्याचं आणि बॅटरीचं कोडं तसं लवकर सुटलं. नव्या फोनवर जुना बॅकअप ओतला, की तो पहिले दोन-तीन दिवस आतल्या आत राबत असतो. हजारो फोटो लावून घेणं, अ‍ॅप्स अपडेट करणं, काय काय! त्यात दोघांनी जाड कव्हर घालून चार्जिंगला लावलेला. चौथ्या दिवशी दोघांचेही फोन माणसात आले.

राहिला माझा कट होणारा फोन. बदलून घ्यायला सात दिवसांची मुदत होती, त्यातले चार संपले होते. कंपनीच्या अ‍ॅपमधून तपासणी केली, तर सेन्सर पास! सगळीकडे हिरव्या टिक. कारण ते अ‍ॅप म्हणतं, ‘वरच्या भागावर हात ठेवा.’ मी शहाण्या मुलीसारखा हात ठेवला. हातानं काय सिद्ध होणार, फोन कापत होता माझा गाल!

इथे जरा फंडा समजून घ्या. फोन कानाला लावला, की स्क्रीन आपोआप विझते, ते काम प्रॉक्सिमिटी सेन्सरचं. पण कित्येक मिड-रेंज फोनांमध्ये हा वेगळा सेन्सर नसतोच. इअरपीसमधून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, तो गालावर आपटून परत आला की माइकनं टिपायचा, आणि फोन कसा हलला ते बघून अंदाज बांधायचा, असा वटवाघळी कारभार असतो. जागा वाचते, पैसे वाचतात. अंदाज चुकला की स्क्रीन जागी राहते आणि आपला गाल लाल बटण दाबून मोकळा होतो.

टेस्टिंगवाला म्हणाला, ‘आधी रिप्रोड्यूस करू, मग बोंब मारू.’ (याच वाक्यासाठी त्याला पगार मिळतो.) चारही फोन टेबलावर. कव्हरं काढली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून हौसेनं बसवून घेतलेली काळ्या काठाची ११डी ग्लास काढायला लावली, तेव्हा माझ्या पोटात गलबललं. तिचा काठ नेमका इअरपीसच्या फटीवर चढला होता. मग एकमेकांना फोन लावून पाच-पाच मिनिटं बोललो. बसून, चालत, मान वाकडी करून. पॅन्ट्रीतले काका आमच्याकडे बघून हसत होते.

निकाल काय? ग्लास काढल्यावर माझा बराच सुधारला, पण मान वाकडी केली की चारही फोन तोच घोळ घालत होते. चारही! आणि मस्त चाललेल्या अकाउंट्सवाल्याला हे कळलं कसं नाही? कारण साहेब पहिल्या दिवसापासून ब्लूटूथवर बोलत होते. फोन त्यांनी कानाला लावलेलाच नव्हता. सॉलिड पोपट!

म्हणजे माझा पीस डबा नव्हता. बदलून आणला असता तरी नवा फोनही तसाच वाकड्या मानेला फसला असता. याउलट गुलाबी स्क्रीन एकट्या सेल्सवाल्याचीच होती. त्यानं पाचव्या दिवशी बदलून घेतला आणि प्रश्न मिटला. हे चार फोन शेजारी ठेवले नसते, तर मी परत केला असता आणि तो बसला असता, बहुतेक.

मोठमोठ्या फोनांचं वेगळं काय झालं? सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो आला आणि पहिले गिऱ्हाईक ओरडायला लागले, की फोन तापतोय. लगेच सगळ्यांनी नव्या टायटॅनियमच्या बॉडीवर खापर फोडलं. अ‍ॅपलनं सांगितलं, टायटॅनियमचा संबंध नाही, आयओएस १७ मध्ये बग आहे आणि इन्स्टाग्राम, उबरसारखी काही अ‍ॅप्स जास्त जोर लावतायत. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच १७.०.३ हा अपडेट आला. गिऱ्हाइकांचं दुखणं खरं होतं, निदान तेवढं चुकलं. २०१० च्या आयफोन ४ चं उलटं. डाव्या खालच्या कोपऱ्यावर हात पडला की सिग्नल पडतो, हे लोकांनी बरोबर पकडलं होतं. कंपनी आधी म्हणाली, सिग्नलच्या दांड्या मोजायचं सूत्र चुकलंय. शेवटी जुलैमध्ये स्टीव्ह जॉब्जना पत्रकार परिषद घेऊन फुकट कव्हर वाटायची घोषणा करावी लागली.

आणि ‘बदलून घे ना, संपला विषय’ म्हणणाऱ्यांसाठी २०१६ चा गॅलेक्सी नोट ७. पेट घेतो म्हणून परत मागवला, लोकांना बदलून दिला, तर बदललेलेही पेटले! ऑक्टोबरमध्ये तो बंदच केला. जानेवारी २०१७ मध्ये सॅमसंगनं कारण जाहीर केलं. बॅटऱ्या दोन पुरवठादारांच्या होत्या आणि दोन्हींत वेगवेगळे दोष निघाले. भारतात तर त्याची विक्री सुरूच झाली नव्हती. आपण सुटलो.

एक सांगते. तापणं चार दिवस बघू म्हणता येतं, पण फोन फुगला, पाठ उचलली गेली किंवा जळका वास आला तर कुठलाही उपाय करत बसू नका. तेव्हा कसली चर्चा नि कसलं काय, बंद करा आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

सातव्या दिवशी रात्री मुदत संपत होती. साडेअकरापर्यंत मी ‘रिप्लेस’च्या बटणावर अंगठा धरून बसले होते. इतके पैसे भरून आपण फुकटात कंपनीचे टेस्टर झालो, हा राग होताच. पण चार फोनांचा निकालही डोळ्यांसमोर होता. शेवटी आम्ही चौघांनी तारीख, वेळ आणि मान कशी वाकडी केली हेसुद्धा लिहून एकसारखी तक्रार पाठवली, आणि मी ते पान बंद केलं.

तोवर आईशी बोलायला ड्रॉवरमधला जुना वायरचा इअरफोन कनेक्टर लावून बाहेर काढला. तिला सगळी रामकहाणी सांगितली. वटवाघूळ, ११डी ग्लास, मान, सगळं. ती बराच वेळ ऐकून घेऊन म्हणाली, ‘जुना चांगला चालत होता की गं!’

तिसऱ्या आठवड्यात अपडेट आला. काय बदललं याच्या यादीत ‘कॉलचा अनुभव सुधारला’ असं एकच मोघम वाक्य. टेस्टिंगवाला जाम चिडला, त्याला बग नंबर हवा होता. त्या रात्री मी मुद्दाम उशीवर मान वाकडी टाकून फोन लावला. मावशीचा गुडघा, शेजारच्यांचं बारसं, गॅस सिलिंडर... चाळीस मिनिटं! फोन एकदाच कट झाला. आईनं केला. तिची सिरियल लागली होती.