विश्लेषण : सभेला गर्दी झाली, पण मतांचे काय?

मे महिन्यात पाचगणीच्या टेबललँडवर उसळलेली गर्दी पाहून कोणी गावाची लोकसंख्या ठरवत नाही. त्यात बाहेरचे किती आणि गावचे किती, याचा अंदाज तिथल्या घोडेवाल्यालाही असतो. निवडणूक आली की मात्र हा साधा हिशेब विसरला जातो. भरलेल्या मैदानाचा व्हिडीओ मोबाइलवर येतो आणि त्याखाली ‘निकाल लागला’ असे लिहिलेले असते. गर्दीवरून उमेदवाराचा खरा पाठिंबा कळतो का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला सातारा जिल्ह्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. सभेने निवडणूक फिरवली, असे महाराष्ट्रात सर्वाधिक वेळा जिच्याबद्दल सांगितले जाते, ती सभा याच जिल्ह्यात झाली.

दोन दिवसांत दोन सभा, जिंकले कोण?

उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसकडून लोकसभेवर निवडून आले. काही महिन्यांतच, सप्टेंबरमध्ये, त्यांनी राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. पोटनिवडणूक लागली आणि तिचे मतदान विधानसभेबरोबरच २१ ऑक्टोबरला ठरले. राष्ट्रवादीने श्रीनिवास पाटील यांना उभे केले.

१७ ऑक्टोबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची साताऱ्यात सभा झाली. दुसऱ्या दिवशी, १८ ऑक्टोबरला, त्याच शहरात जिल्हा परिषदेच्या मैदानावर शरद पवार भर पावसात बोलले. लोकसभेला उमेदवार निवडण्यात चूक झाली, ती आता दुरुस्त करा, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. दोन्ही सभा मोठ्या होत्या. निकाल मात्र एकाच बाजूने लागू शकत होता. श्रीनिवास पाटील यांना ६,३६,६२० आणि उदयनराजेंना ५,४८,९०३ मते मिळाली. फरक होता ८७,७१७ मतांचा.

एकाच शहरात चोवीस तासांच्या अंतराने दोन मैदाने भरली आणि त्यातले एक हरले. गर्दी म्हणजे विजय, हा समज इथेच अडखळतो.

पण पावसातली सभा निर्णायक ठरली ना?

तसे मानणारे पुष्कळ आहेत. आकडे थोडे वेगळे सांगतात. मे २०१९ मध्ये याच मतदारसंघात राष्ट्रवादीचा उमेदवार १,२६,५२८ मतांनी जिंकला होता. तेव्हा पावसातली सभा नव्हती. ऑक्टोबरमध्ये ती झाली आणि पक्षाचे मताधिक्य ८७,७१७ वर आले. म्हणजे पक्षाच्या बाजूने पाहिले तर मताधिक्य वाढले नाही, घटले.

याचा अर्थ सभेचा उपयोग झाला नाही असा नाही. निवडून आलेला खासदार पक्ष सोडून गेल्यावर कार्यकर्ता गोंधळलेला असतो. त्याला उभे करण्याचे काम त्या भाषणाने केले, असे म्हणता येते. पण ज्या पायावर तो उभा राहिला, तो पाया आधीचा होता. सातारा लोकसभेची जागा १९९९ पासून सलग राष्ट्रवादीकडे होती. उमेदवारही साधा नव्हता. श्रीनिवास पाटील हे माजी सनदी अधिकारी, माजी खासदार आणि सिक्कीमचे माजी राज्यपाल. पावसाने पीक तरारले हे खरे, पण पेरणी आधी झालेली होती.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्याच दिवशी त्याच सातारा शहरातल्या मतदारांनी विधानसभेचेही बटण दाबले. तिथे भाजपचे शिवेंद्रराजे भोसले निवडून आले. पाचगणी ज्या वाई मतदारसंघात येते, तिथे राष्ट्रवादीचे मकरंद पाटील जिंकले. सभा एकच, पाऊस एकच, पण शेजारच्या दोन मतदारसंघांत आमदारकीचा कौल वेगवेगळा.

मग इचलकरंजीत काय झाले?

नोव्हेंबर २०२४ मध्ये शरद पवार इचलकरंजीत मदन कारंडे यांच्या प्रचाराला गेले आणि तिथेही पाऊस आला. साताऱ्याची आठवण साऱ्यांनाच झाली. आपण पावसात बोललो की निकाल चांगला लागतो, असे पवारांनीही तिथे सांगितले. व्हिडीओ राज्यभर फिरला. निकालात मात्र भाजपचे राहुल आवाडे पन्नास हजारांहून अधिक मतांनी जिंकले.

नेता तोच, पाऊस तसाच, लोकांचा जिव्हाळाही तसाच. बदलले होते ते जमिनीवरचे बळ. पक्ष फुटला होता, उमेदवार वेगळा होता आणि समोर आवाडे घराण्याची जुनी संघटना होती. दोन्ही सभा शेजारी ठेवल्या की सभेचे नेमके वजन किती, ते कळते.

भाषण ऐकायला येणारे मत देतात का?

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांच्या ‘लाव रे तो व्हिडीओ’ सभांना झालेली गर्दी अनेकांच्या लक्षात असेल. मनसेने एकही उमेदवार उभा केला नव्हता. सभा भाजप-शिवसेनेच्या विरोधात होत्या. नांदेड, सोलापूर, इचलकरंजी, सातारा अशा ठिकाणी त्या झाल्या. सगळीकडे मैदाने भरली.

निकाल काय लागला? नांदेडमध्ये अशोक चव्हाण हरले, सोलापुरात सुशीलकुमार शिंदे हरले, इचलकरंजी ज्या मतदारसंघात येते त्या हातकणंगलेत राजू शेट्टी हरले. साताऱ्यात राष्ट्रवादी जिंकली, पण ती जागा आधीपासूनच त्यांची होती. राज्यात ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेनेने घेतल्या.

चांगला वक्ता ऐकायला माणूस जातो, जसा तो कीर्तनाला किंवा तमाशाला जातो. टाळ्याही मनापासून वाजवतो. पण मत देताना तो सोसायटी, कारखाना, भावकी, रस्ता, पाणी आणि उमेदवाराशी असलेला संबंध पाहतो. टाळी आणि मत ही एकाच माणसाची दोन वेगळी कामे आहेत.

हे केवळ महाराष्ट्रात घडते असे नाही. २०२० मध्ये बिहारमध्ये तेजस्वी यादव यांच्या सभांना तुफान गर्दी होती. त्यांची आघाडी ११० जागांवर थांबली आणि १२५ जागांसह सत्ता दुसऱ्या बाजूला गेली. अमेरिकेत १९८४ मध्ये वॉल्टर माँडेल यांच्या अखेरच्या सभा दणक्यात झाल्या आणि ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले.

‘लाखाची सभा’ खरेच लाखाची असते का?

हे गुंठ्यांत मोजून पाहता येते. अमेरिकेतील पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्ज यांनी १९६० च्या दशकात एक सोपी रीत मांडली. मैदानाचे चौकोन पाडायचे, एका चौकोनातील माणसे मोजायची आणि चौकोनांच्या संख्येने गुणायचे. सैलसर उभ्या माणसाला सुमारे १० चौरस फूट जागा लागते, दाटीवाटीत सुमारे साडेचार.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यात सैलसर गर्दी १०९ माणसांची, दाटीची २४२ माणसांची. या हिशेबाने लाख माणसे दाटीवाटीने उभी करायलाही सव्वादहा एकर सलग जागा लागते. व्यासपीठ, डी झोन, वाहनतळ आणि रिकाम्या वाटा त्यात धरलेल्या नाहीत. खुर्च्या मांडल्या की माणसे आणखी कमी मावतात. पुढच्या वेळी एखाद्या तालुक्याच्या मैदानावर ‘दोन लाख’ लोक असल्याचा दावा आला, तर त्या मैदानाचे एकर किती, एवढे विचारले तरी पुरे.

समजा, खरोखर पन्नास हजार लोक आले. सातारा लोकसभा मतदारसंघात १८ लाखांहून अधिक मतदार आहेत. पन्नास हजार म्हणजे त्यातले तीन टक्केही नाहीत. शिवाय आलेले सगळे याच मतदारसंघाचे असतील, असेही नाही.

गर्दी जमते कशी?

मोठ्या नेत्याची सभा ठरली की तालुकानिहाय उद्दिष्ट दिले जाते. पदाधिकाऱ्यांकडे गाड्यांची जबाबदारी येते. वडापच्या जीप, टेम्पो, खासगी बस लागतात. नाश्ता आणि पाण्याच्या बाटल्या लागतात. यातले बरेच लोक आधीच पक्के असतात. त्यांना सभेला आणल्याने नवे मत तयार होत नाही, असलेले मत फक्त एका जागी दिसते.

निवडणूक आयोगालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच सभेचे चित्रीकरण करणारी पथके असतात. खुर्च्या, मंडप, गाड्या मोजल्या जातात आणि जिल्ह्याने ठरवलेल्या दराने तो खर्च उमेदवाराच्या हिशेबाशी ताडला जातो. महाराष्ट्रात ही खर्चमर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. आयोगाच्या लेखी गर्दी ही लोकप्रियतेची नव्हे, खर्चाची नोंद असते. मतदारानेही तिच्याकडे थोडे तसेच पाहायला हरकत नाही.

गर्दी पक्षाची की प्रश्नाची?

वाईहून पाचगणी, महाबळेश्वरमार्गे प्रतापगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला याचे उत्तर ठाऊक आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने प्रचंड निदर्शने केली. ती गर्दी खोटी नव्हती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मते दिली होती.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. मागणी मान्य झाली आणि गर्दी पांगली. लोक समितीच्या पाठीशी होते ते मागणीसाठी. गर्दी कशासाठी आली आहे हे न पाहता ती कोणाची आहे असे विचारले, तर उत्तर चुकते.

सभेला न आलेल्यांचे काय?

निवडणूक बहुतेक वेळा तेच ठरवतात. दिवसभर शेतात किंवा हॉटेलच्या कामावर असणारे, रात्रीच्या सभेला न जाणाऱ्या महिला, घरातले म्हातारे, पुण्या-मुंबईहून फक्त मतदानाला येणारे, आणि कोणालाच काही न सांगणारे. यांचा व्हिडीओ कोणी काढत नाही.

मैदानातला उत्साह बटणापर्यंत नीट पोहोचतोच असेही नाही. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे भाजपकडून ३२,७७१ मतांनी जिंकले. समोर शशिकांत शिंदे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. त्याच मतपत्रिकेवर ‘ट्रम्पेट’ चिन्ह असलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. ती सगळी मते चिन्हाच्या गोंधळातून गेली असे सिद्ध करता येणार नाही, पण शरद पवारांच्या पक्षाने तशी तक्रार केली. चिन्ह घराघरात पोहोचवणे हे काम सभेचे नाही, बूथवरच्या कार्यकर्त्याचे आहे.

वाई मतदारसंघही हेच सांगतो. मकरंद पाटील २०१९ मध्ये एकत्रित राष्ट्रवादीकडून जिंकले आणि २०२४ मध्ये अजित पवारांच्या पक्षाकडून. मधल्या काळात पक्ष फुटला, पण किसन वीर साखर कारखान्यापासून गावच्या सोसायटीपर्यंतचे जाळे त्यांच्याजवळ राहिले. या जाळ्याची गर्दी कुठल्याच मैदानावर दिसत नाही, ती मतमोजणीच्या दिवशीच दिसते. २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातील आठही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या.

म्हणजे गर्दीला अर्थच नाही?

तसेही नाही. गर्दी तीन गोष्टी सांगते. पक्षाकडे माणसे आणि साधने जमवण्याची ताकद किती आहे, कार्यकर्त्यात दम किती आहे आणि लोकांच्या मनात एखादा विषय किती तापला आहे. ज्या सभेला माणसे गाड्यांतून आणलेली नाहीत, पाऊस आला तरी उठलेली नाहीत, ती सभा काहीतरी सांगत असतेच. पण ती जोर सांगते, व्याप्ती सांगत नाही. पाच टक्के लोक जीव तोडून बरोबर आहेत हे कळते, उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांचे काय, ते कळत नाही.

मतदाराने काय पाहावे?

गर्दीचा व्हिडीओ कधीचा आणि कुठला, हे आधी पाहावे. कॅमेरा उंचावरून आहे की व्यासपीठासमोरून, हेही पाहावे, कारण समोरून घेतलेल्या दृश्यात अर्धे मैदानही भरलेले दिसते. मग मागच्या दोन निवडणुकांचे मतांचे आकडे काढावेत. आपल्या बूथवर कोणाचा माणूस वर्षभर हजर असतो, हे आठवावे.

गर्दीचा खरा धोका चुकीच्या अंदाजाचा नाही. ‘हवा अमुकची आहे, मग आपले मत कशाला वाया घालवा’ असे म्हणून माणूस स्वतःचे मत गर्दीच्या हवाली करतो, हा खरा धोका आहे. नगरपालिकेच्या निवडणुकीत तर मोजक्या मतांवर निकाल फिरतो. पाचगणीसारख्या गावात पाणी, कचरा, वाहनतळ आणि बांधकामे हे प्रश्न आहेत. ते मैदान किती भरले यावर सुटणार नाहीत. गर्दी जमवण्याचा हिशेब पक्षांना करू द्यावा. मतदाराकडे एकच मत असते आणि ते मोजताना त्याच्या शेजारी कोण उभे होते, हे यंत्र विचारत नाही.