गाढवावर बसलेला राजा

आपल्याकडे माणसाला गाढवावर बसवतात ते त्याची धिंड काढण्यासाठी. राजा शोभतो अंबारीत, सेनापती घोड्यावर. त्यामुळे येशू ख्रिस्ताने यरुशलेम नगरीत गाढवाच्या शिंगरावर बसून प्रवेश केला आणि लोकांनी राजा म्हणून त्याचा जयजयकार केला, हे शुभवर्तमानात वाचले की आधी नवल वाटते, मग कीव येते. सुताराच्या घरचा मुलगा, घोडा आणणार कुठून! पण ही गोष्ट दारिद्र्याची नाही, निवडीची आहे. आणि ख्रिस्ती धर्मातील नम्र राजाच्या कल्पनेचे सारे मर्म त्या निवडीत आहे, असे मला वाटते.

यहुदी परंपरेत अशा वाहनाला हीन मानत नसत. दावीद राजाने आपला पुत्र शलमोन याला अभिषेकासाठी धाडले तेही स्वतःच्या खेचरावर बसवून. पुढे जखऱ्या या संदेष्ट्याच्या ग्रंथात भाकीत आले की, येणारा राजा नम्र असेल, गाढवावर बसून येईल आणि रथ, युद्धाचे घोडे व धनुष्ये नाहीशी होतील. त्या काळी घोडा म्हणजे आजचा रणगाडा. तेव्हा गाढवावर बसणे ही एक प्रकारे शस्त्रसंन्यासाची घोषणाच होती.

आणि ती केव्हा केली? वल्हांडण सणाच्या तोंडावर! मिसर देशाच्या गुलामीतून सुटल्याचा तो सण. नगरी यात्रेकरूंनी भरलेली, रोमन सत्ता बंडाच्या धास्तीने सावध. लोकांना हवा होता रोमनांना हाकलून लावणारा तारणहार. आला तो निःशस्त्र. काही दिवसांतच त्याला वधस्तंभावर खिळण्यात आले आणि तो यहुद्यांचा राजा असल्याची पाटी तीन भाषांत वर लावण्यात आली. रोमनांच्या लेखी ती थट्टा होती. ख्रिस्ती श्रद्धेने तीच खरी मानली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. नम्रता म्हणजे दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणाला दिलेले गोंडस नाव, असा जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याच्या १८८७ सालच्या नीतिविषयक ग्रंथाचा रोख आहे. आक्षेप वजनदार खरा. परंतु मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथून टाकणारा माणूस दुबळा कसा म्हणावा? त्याच माणसाने शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. आपण त्यांचे गुरू आहोत हे विसरून नव्हे, तर पुरते जाणून धुतले. लाचारीने वाकणे वेगळे आणि अधिकार असताना वाकणे वेगळे.

याहून कठीण आक्षेप इतिहासाचा आहे. ३१२ साली रोमजवळच्या लढाईत कॉन्स्टंटाइन जिंकला आणि विजयाचे श्रेय ख्रिस्ताच्या देवाला देण्यात आले. गाढवावरच्या राजाला अनुयायांनी घोड्यावर चढवले ते असे. १०९९ साली क्रुसेडच्या सैन्याने यरुशलेम जिंकून तेथील मुसलमान व यहुदी रहिवाशांची कत्तल केली. त्यानंतर त्यांचा नेता गॉडफ्री याने, जिथे ख्रिस्ताने काट्यांचा मुगुट घातला तिथे मी सोन्याचा घालणार नाही, म्हणून राजमुकुट नाकारला, असे सांगतात. केवढी ही नम्रता! रस्त्यावरचे रक्त मात्र वाळलेले नव्हते.

मग ही कल्पना फोल ठरली काय? मला तसे वाटत नाही. १२१९ मध्ये इजिप्तमध्ये दमिएत्ता येथे क्रुसेडचे युद्ध चालू असताना असिसीचा फ्रान्सिस हाती शस्त्र न घेता शत्रूच्या छावणीत शिरला आणि सुलतान अल-कामिलला भेटला. सुलतानाने धर्म बदलला नाही, युद्धही थांबले नाही. पण फ्रान्सिस सुखरूप परतला. हिशेबी माणूस याला अपयश म्हणेल. परंतु त्या दोन सैन्यांच्या मध्ये ख्रिस्ताचा खरा अनुयायी कोण होता, हे सांगायला धर्मपंडित लागत नाही. गॉडफ्रीला आपण दोष देतो तोही ख्रिस्ताच्याच मापाने. अनुयायांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारी कल्पना मेलेली कशी म्हणावी?

शेवटी प्रश्न राजाचा कमी आणि आपला अधिक आहे. रोमन सुभेदार पिलात याने जमावाला विचारले, कोणाला सोडू? जमावाने बंडातला आरोपी बरब्बा याला मागून घेतले. हा दोष साऱ्या यहुद्यांच्या माथी मारून त्यांचा शतकानुशतके छळ झाला, हा आणखी एक कलंक. वास्तविक ती निवड कोणत्याही देशातल्या, कोणत्याही काळातल्या जमावाची आहे. तारणहार आपल्यालाही हवाच असतो. पण तो घोड्यावरचा, गर्जना करणारा, शत्रूचे नाव घेऊन मुठी आवळणारा. पाय धुणारा नेता दारात आला तर आपण त्याला राजा म्हणू, की गाढवावरून त्याची धिंड काढू?