दानाचे पात्र आणि दलालांची झोळी

देणारा हात आणि घेणारा हात यांच्यामध्ये तिसरा हात शिरला की दानाचे काय होते, याचे विदारक चित्र अमेरिकेतील एका खटल्याने जगासमोर ठेवले आहे. मार्च 2021मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने 38 राज्यांच्या यंत्रणांना सोबत घेऊन मिशिगनमधील असोसिएटेड कम्युनिटी सर्व्हिसेस आणि तिच्या भगिनी कंपन्यांवर कारवाई केली. धर्मादाय संस्थांसाठी दूरध्वनीवरून देणग्या गोळा करणे हा त्यांचा व्यवसाय. 2008पासून 6 कोटी 70 लाख लोकांना 1 अब्ज 30 कोटी फसवे दूरध्वनी करून त्यांनी 11 कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमवली, असा आयोगाचा आरोप होता. स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण, बेघर माजी सैनिक, घराच्या आगीत होरपळलेली माणसे यांच्या नावाने हात पसरला जाई. पण डॉलरमागे 90 सेंटपर्यंतचा वाटा दलालच ठेवून घेत. पलीकडून ऐकू येणारा कळवळाही पुष्कळदा ध्वनिमुद्रित असे. केवळ कळ दाबून तो ऐकवला जाई.

याहून उद्बोधक आहे ती कायद्याची मर्यादा. देणगीचे आवाहन हे भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, सबब दलालाच्या मोबदल्यावर टक्केवारीची मर्यादा घालता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1988मध्ये दिला. दात्याची दिशाभूल केली तर मात्र खटला भरता येईल, असे 2003मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे लूट हा गुन्हा नव्हे, खोटे बोलणे हा गुन्हा! या कंपन्यांना निधिसंकलनाची कायमची बंदी झाली. परंतु 11 कोटी डॉलरची वसुली, त्यांच्याकडे तेवढा पैसाच नसल्यामुळे, अंशतः स्थगित ठेवावी लागली. गेलेला पैसा पूर्णपणे परत येत नाही, हाच याचा अर्थ.

अशा दलालांना वृद्ध माणूसच का सोयीचा वाटतो? तो दिवसभर घरी असतो. बोलणाऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे त्याला असभ्यपणाचे वाटते. गेल्या महिन्यात कोणाला किती दिले, हे त्याला आठवेलच असे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये हा संस्कार त्याच्या हाडीमांसी खिळलेला असतो. ठगाचे भांडवल वृद्धाची मूर्खता नसून त्याची सज्जनता आहे, हे आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्याकडेही कोणा बालकाच्या शस्त्रक्रियेसाठी, कोणा अनाथालयाच्या अन्नदानासाठी असे दूरध्वनी घरोघरी येतात. मुले पुण्यामुंबईला वा परदेशी आणि आईवडील गावी एकटे, अशी घरे आज थोडी नाहीत. त्या घरांत चौकशीने बोलणारा परका आवाजही आपलासा वाटू लागतो. मग दोष केवळ ठगाचा मानायचा का?

गीतेने देश, काल आणि पात्र पाहून दिलेल्या दानालाच सात्त्विक म्हटले आहे. माधुकरी मागणारा विद्यार्थी दारात उभा असे. गृहिणी त्याचा चेहरा पाहत असे, त्याच्या अभ्यासाची विचारपूसही करत असे. पात्र पारखण्याची ही रीत दूरध्वनीवर चालत नाही. म्हणूनच दूरध्वनीवर दान नाही, हा प्रत्येक कुटुंबाचा नियम व्हावा. संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक विचारावा आणि धर्मादाय आयुक्तांकडे खातरजमा करावी. महाराष्ट्रात 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हे दप्तर उपलब्ध केले आहे. गणेशोत्सव मंडळांनाही वर्गणीसाठी त्याच कायद्याच्या कलम 41क अन्वये परवानगी घ्यावी लागते. फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

मात्र आईवडिलांना संशय शिकवून आपले कर्तव्य संपत नाही. त्यांची देण्याची वृत्ती मारू नका, तिला डोळस वाट द्या. त्यांना जवळच्या एखाद्या वसतिगृहात, रुग्णसेवेच्या केंद्रात घेऊन जा. आपल्या शंभर रुपयांतून कोणाच्या ताटात काय पडले, हे त्यांना स्वतः पाहू द्या. फसवणुकीच्या धास्तीने सज्जनांचे हात आखडले, तर खऱ्या सेवाकार्याचे दिवे विझतील आणि ते नुकसान कोणतेही न्यायालय भरून देऊ शकणार नाही.