गव्हाणीतली गळती कोण मोजणार?



उसाच्या आंदोलनात आपला प्रश्न ठरलेला असतो: भाव किती? तो सोडायचा नाहीच. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडला आहे. कारखाना रोज चालतो कसा? शिकलेली माणसे याला उत्पादन व्यवस्थापन म्हणतात. हा विषय साहेबांच्या केबिनमधला, सभासदाला त्यातले काय कळणार, असे आपल्या मनावर बिंबवले गेले. प्रत्यक्षात त्याची किंमत आपल्याच बिलातून वसूल होते.

हिशेब पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. त्यावर उतारा ०.१ टक्का वाढला की टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढतात. घटला की साडेनऊ टक्क्यांपर्यंत त्याच दराने कापले जातात. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा ०.१ टक्क्याने पडला, तर साखर हजार टनांनी कमी भरते आणि शेतकऱ्यांचे ३ कोटी ४६ लाख रुपये जातात. शिवाय महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतूनच वजा होतो. कारभार त्यांचा, भुर्दंड आपला.

उतारा केवळ जमीन, पाणी आणि बेण्यावर ठरत नाही. तुटलेला ऊस जितका पडून राहील तितके त्याचे वजन घटते आणि साखरही मोडते. गाडीतळावर ट्रॅक्टरची रांग लागते तेव्हा ऊस काट्यावर चढण्याआधीच वाळतो. ती घट शेतकऱ्याच्या नावावर पडते.

इस्रायलचे पदार्थविज्ञानी एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली ‘द गोल’ या कादंबरीतून एक साधी गोष्ट जगाला पटवली. कारखान्याचा वेग त्याचा सर्वांत मंद टप्पा ठरवतो. बाकीचे टप्पे कितीही पळवले तरी माल तिथेच तुंबतो. समजा, कारखाना दिवसाला पाच हजार टन गाळतो आणि टोळ्यांनी सात हजार टन तोडला. दोन हजार टन उन्हात वाळणार. टोळ्या कमी पडल्या तर गव्हाण रिकामी, गाळप बंद आणि खर्च मात्र चालूच.

म्हणून तोडणीचा कार्यक्रम हा कारखान्याचा कणा आहे. तो लागणीच्या नोंदीप्रमाणे आणि उसाच्या पक्वतेप्रमाणे चालला पाहिजे. चिठ्ठीवर चालला की पुढाऱ्याच्या पाहुण्याचा कोवळा ऊस आधी जातो आणि गरिबाच्या आडसालीला तुरे येऊन तो पोकळ होतो. दोन्हींनी उतारा पडतो. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर निघत असल्यामुळे एकाच्या वशिल्याचा दंड सगळा तालुका भरतो.

आता धंद्याचे धोरण. ठरलेले काम नीट करणे हे व्यवस्थापन. कोणते काम करायचे हे ठरवणे म्हणजे धोरण. साखर किती, इथेनॉल किती, वीज किती, कर्ज किती काढायचे, हे धोरणाचे प्रश्न. पण आखणी कारखान्याने करावी आणि लगाम दिल्लीने ओढावा, अशी आपली गत आहे. सरकारच्याच सांगण्यावरून कारखान्यांनी कर्जे काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारले. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली. पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली. बाजाराचा धोका धंदेवाईकाने पत्करायचाच असतो. रात्रीत फिरणाऱ्या सरकारी हुकमापुढे कोणते धोरण टिकेल?

म्हणून लढाई दोन आघाड्यांवर आहे. दिल्लीला सांगायचे, हात काढा. आणि कारखान्याला विचारायचे, हिशेब दाखवा. वार्षिक सभेत ताळेबंदाबरोबर हे आकडे मागा: गाळप किती तास बंद राहिले आणि कशामुळे? तोडणीपासून काट्यापर्यंत ऊस सरासरी किती तास पडून होता? नोंदीचा क्रम मोडून किती ऊस आला, कोणाच्या सहीने? टनामागे तोडणी-वाहतूक शेजारच्या कारखान्यापेक्षा जास्त का? खाजगी कारखान्यात सभासदांची सभा नसते. तिथे हेच प्रश्न गावोगावच्या ऊस उत्पादकांनी एकत्र येऊन फाटकावर विचारावेत.

भावाची घोषणा देताना आवाज लागतो. तो आपल्याकडे आहे. आता सोबत वही-पेन्सिल हवी.