दोन आरसे

'उर्दू शाळेत शिकवता? म्हणजे मदरशात?' आणि 'तुमचे मराठी किती छान आहे हो!' बीबीसारख्या गावातही आम्हा उर्दू शिक्षकांना ही दोन वाक्ये ठरलेली. दोन्ही आपुलकीने उच्चारली जातात आणि दोन्हींच्या मुळाशी समज एकच, की हे लोक इथले नव्हेत.

उर्दू शाळेत बालभारतीचीच पुस्तके असतात, अभ्यासक्रम राज्याचाच असतो, मराठीही शिकावीच लागते. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले देशात सुमारे ३ टक्केच, असे सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले. मुसलमानांना देशद्रोही ठरवले जाते आणि त्यांचे लाड होतात असेही म्हटले जाते, हे दुहेरी ओझेही याच अहवालाने नोंदवले. लाड झालेला हा समाज तेव्हा भारतीय प्रशासन सेवेत ३ टक्के होता! असले लाड कोणाला हवे आहेत?

पण आमच्या घरातला आरसा तरी कुठे स्वच्छ आहे? आम्ही गप्पा मारतो बादशहांच्या, नवाबांच्या. प्रत्यक्षात आम्ही तांबोळी, पिंजारी, अत्तार, बागवान. राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत ही नावे आहेत. दाखला काढताना ती आम्हाला आठवतात, सोयरीक जुळवताना तर जास्तच आठवतात. व्यासपीठावर मात्र 'आमच्यात जात नाही' असे ठणकावून सांगितले जाते.

उर्दूला आम्ही धर्माची भाषा करून टाकले. कुरआन तर अरबीत आहे, आणि प्रेमचंद, कृष्ण चंदर उर्दूत लिहीत होते. आमच्या घरच्या बोलीत 'मैंच', 'उसनेच' असे सर्रास येते. हा 'च' मराठीचा आहे! 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे संत शेख महंमद, शाहीर अमर शेख यांना आम्ही परके का केले? मराठी ही 'त्यांची' भाषा, असे आम्हीच म्हणत राहिलो तर आमच्या मराठीचे नवल त्यांना वाटणारच.

म्हणून आमचे दोघांनाही सांगणे आहे. शेजाऱ्यांनो, कौतुक नको, बरोबरी द्या. उर्दू शाळेच्या वर्गात एकदा येऊन बसा, मग मत बनवा. आणि भाईंनो, बादशहांची वंशावळ गुंडाळून ठेवा. मुलामुलींना उर्दू शिकवा, मराठीही तेवढ्याच हक्काने शिकवा. ज्या मातीत आमचे बापजादे दफन आहेत, तिथली भाषा आम्हाला कोणी बक्षीस दिलेली नाही. ती आमचीच आहे.