कार्ड उलटून बघा!

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर सासूबाईंची पत्र्याची ट्रंक निघाली. आत जुनी चित्रांची पोस्टकार्डं. रद्दीत टाकणारच होते, तेवढ्यात एकावर बोरघाटातला कमानींचा पूल दिसला. १८३० सालचा हा पूल. तिथल्या बामच्या जाहिरातीवरून लोकांनी त्याचं बारसं केलं ‘अमृतांजन पूल’! लहानपणी मामाकडे जाताना तो दिसला की आम्ही एसटीत ओरडायचो. वाहतुकीची कोंडी सुटावी म्हणून एप्रिल २०२० मध्ये तो पाडला. आता उरला कार्डावर. मागे सासूबाईंच्या आईचं वळणदार अक्षर : ‘सुखरूप पोहोचले. काळजी नसावी.’ त्या माउलीचं एवढंच लिखाण शिल्लक आहे. मैत्रिणींनो, आपल्या आज्यांचं लिहिलेलं कुठल्या दप्तरात सापडणार? रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा कार्ड उलटून बघा!